अडलेला टाका

मे महिना संपत आला की सोनिवलीत माळे उघडले जातात. बदलापूर पश्चिमेच्या या भागात पावसाची तयारी छपरापुरती आणि गटारापुरती नसते. गाद्या-गोधड्या उन्हात घालायच्या, ट्रंका रिकाम्या करायच्या, ओल धरेल ते वर उचलून ठेवायचं. याच आवराआवरीत बहुतेक घरांत एक पिशवी निघते. आत सुयांवर अडकलेली स्वेटरची पाठ, क्रोशाची चार फुलं आणि दोऱ्याचा उरलेला गुंडा, एका बाजूने शिवलेलं दुपटं, रिंगेसकट गुंडाळून ठेवलेला उशीचा अभ्रा. कोणीतरी म्हणतं, "अगंबाई, हे राहिलंच की!" आणि पिशवी पुन्हा बांधून वर जाते. ती वर जाऊ नये म्हणून काय करता येतं, ते इथे सावकाश सांगायचं आहे.

अशा अर्धवट कामाला आपण पटकन आळसाचं नाव देतो. मला ते मुळीच पटत नाही. जी बाई स्वयंपाक, मुलं, नोकरी सांभाळून स्वेटरची अख्खी पाठ विणते, तिला आळशी कोण म्हणेल? पिशवीतल्या वस्तू नीट पाहिल्या तर लक्षात येतं की त्या वाटेल तिथे थांबलेल्या नसतात. स्वेटर काखेशी किंवा गळ्याशी थांबतो, कारण तिथवर सरळ विणत जायचं असतं आणि तिथून टाके घटवण्याचा हिशेब सुरू होतो. तोरण फुलं झाल्यावर जोडणीशी थांबतं. गोधडी कडेकडेने शिवून होते आणि मध्याशी अडते. भरतकाम एखाद्या हिरव्या रंगाची लच्छी संपली तिथे राहतं. म्हणजे वस्तू एका ठरावीक टाक्याशी अडते. तिथे जी माहिती, जे माप किंवा जो दोरा हवा होता, तो त्या दिवशी हाताशी नव्हता. उद्यावर ढकललं, आणि मधे दिवाळी आली, बाळंतपण आलं, परीक्षा आल्या. तो अडलेला टाका आधी शोधायचा. तो सापडेपर्यंत सुईला हात लावू नये.

पण त्याच्याही आधी स्वच्छता. पिशवीतलं सगळं जुन्या पांढऱ्या चादरीवर पसरा. पांढऱ्यावर कसरीची भुकटी, किड्यांची कात, गंजाचे कण लगेच दिसतात. सुती आणि खळ घातलेल्या कापडाला झुरळं आणि चंदेरी किडे लागतात, लोकर आणि रेशीम पतंगाच्या अळ्या खातात. लोकरीत बारीक भोकं आणि जाळी दिसली तर ती वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावी. अळ्या आणि अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये, घरच्या तापमानाला येऊ द्यावी, नाहीतर आत दव धरतं. एरवी ठेवणीसाठी वेखंड, कडुलिंबाचा वाळलेला पाला चांगला. डांबराच्या गोळ्या मात्र बाळाच्या कपड्यांत कधीही ठेवू नयेत. त्यातलं नॅप्थलीन काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं आणि कावीळ होते. जन्मतः एका विकराची कमतरता असलेल्या बाळांना हा धोका जास्त, आणि ती कमतरता दिसून येत नाही. अर्धवट राहिलेल्या वस्तूंत झबली, टोपरी आणि दुपटीच जास्त असतात, म्हणून हे ठासून सांगते.

रिंग काढून टाका. लाकडी असो की प्लॅस्टिकची, ती कापडावर राहिली की गोल घडी पडते, तिथे घाम आणि धूळ साचते, स्क्रू लोखंडी असेल तर गंज उतरतो. कापडात टोचून ठेवलेली सुई आणि टाचण्या यांचंही तेच. पांढऱ्या सुती कापडावरचा गंजाचा डाग लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवला की फिका पडत जातो, एकदोनदा करावं लागतं, नंतर भरपूर पाण्याने धुवायचं. रंगीत कापडावर आणि रेशमावर हा प्रयोग नको, रंगही जाईल. आणि डाग जाईपर्यंत इस्त्री फिरवायची नाही.

आता वस्तू कशाची आहे ते ठरवा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. दुकानात आपण 'लोकर' म्हणून मागतो त्यातली बरीचशी ॲक्रिलिकची असते. दोऱ्याचा दोन बोटांएवढा तुकडा चिमट्यात धरून, खाली पाण्याची वाटी ठेवून, काडी लावा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास देते, ज्योत काढली की विझते, राख बोटांत चुरते. ॲक्रिलिक वितळतं आणि काळा कडक मणी उरतो. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ करडी राख राहते.

स्वेटरपासून सुरुवात करू, कारण त्यात हिशेब सर्वांत जास्त आणि भीतीही. सुयांवर वर्षानुवर्षं राहिलेली टाक्यांची ओळ ताणली गेलेली असते. तिच्यावरूनच पुढे विणलं तर स्वेटरवर एक आडवी सैल रेघ कायमची दिसते. म्हणून दोनतीन ओळी उसवायच्याच. उसवण्याआधी, ज्या ओळीपर्यंत उतरायचं आहे तिच्या प्रत्येक टाक्याच्या उजव्या पायातून बोथट सुईने वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा ओवून घ्या. मग सुई काढा आणि निर्धास्त ओढा. धागा त्या सुती दोऱ्याशी येऊन थांबतो, एकही टाका गळत नाही. टाके परत सुईवर चढवताना मोजा. मोजलेला आकडा लिहून ठेवा. या एका आकड्याशिवाय पुढचं काहीच करता येत नाही.

सुई कितीची होती? डोक्यावर नंबर असतो, पण तो बऱ्याचदा पुसलेला. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक: 12 नंबर म्हणजे साधारण 2.75 मिलिमीटर, 10 नंबर 3.25, 8 नंबर 4. अमेरिकन नंबर उलट चढतात. तिकडची 8 नंबरची सुई 5 मिलिमीटरची. इंटरनेटवरचा नमुना पाहून पाठ आईच्या सुयांवर आणि पुढचा भाग नव्या सुयांवर विणला तर दोन भाग जुळत नाहीत त्याचं कारण बहुधा हेच. जुन्या सुया असतील तर त्या सुई मोजायच्या कार्डाच्या भोकांतून घालून पाहाव्यात, पट्टीने इतका बारीक फरक कळत नाही. आता पोनीच्या सुयांवर नंबर आणि मिलिमीटर दोन्ही असतात.

सुई तीच सापडली तरी हात तोच राहिलेला नसतो. दहा वर्षांपूर्वी घट्ट विणणारी बाई आज सैल विणते, किंवा उलटं. त्यासाठी विणलेल्या पाठीच्या मधोमध, कडेपासून दूर, पट्टी ठेवून 10 सेंटिमीटरमध्ये किती टाके येतात ते मोजा. समजा 22 आले, आणि पाठीचे एकूण टाके 101. म्हणजे रुंदी 46 सेंटिमीटरच्या आसपास. आता उरलेल्या लोकरीचा तळहाताएवढा चौकोन आजच्या हाताने विणा, धुवा, वाळवा आणि मोजा. त्यात 10 सेंटिमीटरला 20 टाके आले तर तेच 101 टाके साडेपन्नास सेंटिमीटर होतील. पुढचा भाग पाठीपेक्षा साडेचार सेंटिमीटर रुंद! अशा वेळी टाके कमी करायचे नाहीत, सुई बदलायची. एक नंबर बारीक घ्या, पुन्हा चौकोन विणा, 22 वर येईपर्यंत. एका संध्याकाळचं हे काम असतं. पण बहुतेक जणी हेच टाळतात आणि नेमका याच ठिकाणी स्वेटर दुसऱ्यांदा अडतो.

उसवलेली लोकर कुरळी होते. खरी लोकर असेल तर खुर्चीच्या पाठीवर लडी करून घ्या, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून अर्धा तास बुडवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत टांगा. पाण्याने लोकरीच्या तंतूंमधले कमकुवत बंध सुटतात आणि वाळताना सरळ आकारात पुन्हा बसतात, म्हणून कुरळेपणा जातो. ॲक्रिलिकला वाफेचा मोह नको. जास्त उष्णता लागली की त्याची लवचिकता कायमची जाते, वीण लोळागोळा होते. त्याला गार पाणी आणि थोडा धीर पुरतो.

नवी लोकर आणावी लागली तर गुंड्यावरच्या कागदावर रंगाच्या नंबराशेजारी रंगवणीच्या घाण्याचा नंबरही असतो. एकच रंग वेगळ्या घाण्यात किंचित वेगळा उतरतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली फरक कळत नाही, अंगणात लगेच कळतो. जुना नंबर मिळण्याची आशा सोडून द्यावी आणि जिथे जोड येणार तिथे दोन ओळी जुन्या, दोन ओळी नव्या अशा आठदहा ओळी विणाव्यात. डोळ्याला रेघ दिसत नाही. त्याहून बरं म्हणजे नवी लोकर सगळी बाह्यांना आणि गळ्याच्या पट्टीला वापरावी. तिथे रंग किंचित बदलला तर तो मुद्दाम बदलल्यासारखा वाटतो.

आणि ज्याच्यासाठी स्वेटर विणायला घेतला होता तो मुलगा आता कॉलेजात जात असेल तर? पाठ तशीच ठेवून बाह्या न लावता धाकट्या भाचरासाठी बंडी करावी. बदलापूरला डिसेंबर-जानेवारीत पहाटे मुंबईपेक्षा चांगलं गार पडतं, पण दुपारी अंगात लोकर सहन होत नाही. इथे बिनबाह्यांची बंडीच जास्त वापरली जाते, आणि बाह्यांचं काम वाचलं हा वर फायदा.

क्रोशाच्या तोरणाचं दुखणं निराळं. साखळी, मुका खांब, खांब, लांब खांब एवढं आलं की फुलं भराभर होतात. विणणाऱ्या हाताला ती गोडी लागते आणि माप राहून जातं. मग फुलं झाली चौदा आणि दार निघतं अकराचं. तोरण पुन्हा हातात घेताना पहिली गोष्ट, झालेल्या फुलांपैकी एक धुऊन, इस्त्री करून मोजायचं, कारण सुती दोरा पहिल्या धुण्यात आटतो. मग चौकटीची आतली रुंदी घ्यायची. फूल 8 सेंटिमीटरचं आणि चौकट 90 ची असेल तर अकरा फुलांचे 88 होतात, उरलेले दोन सेंटिमीटर दोन टोकांच्या अडकवण्यांना जातात. फुलांची संख्या विषम ठेवावी, म्हणजे मधलं फूल बरोबर गणपतीच्या पाटीखाली येतं. दोरा संपला असेल आणि तोच मिळत नसेल तर जोडणीची पट्टी दुसऱ्या रंगात करावी. क्रोशाच्या दोऱ्यातही आकडा वाढला की दोरा बारीक होतो. 20 नंबरच्या फुलांना 40 नंबरची पट्टी लावली तर ती लोंबते, हे दुकानात उभं असतानाच आठवायला हवं.

दोरा आणि कापड यांसाठी सोनिवलीकरांना उल्हासनगर जवळ. बदलापूरहून कल्याणच्या दिशेने दुसरं स्टेशन. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीचं 1949 साली हे शहर झालं आणि कापडाचा धंदा त्या लोकांनी शून्यातून उभा केला. जपानी बाजारातली दुकानं आणि कॅम्पांतले जीन्सचे कारखाने अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक आहेत. सिंधी कुटुंबांकडे रल्ली असते, ठिगळांची रंगीत गोधडी. तिची ठिगळजोड आपल्या गोधडीपेक्षा जास्त आखीव असते. उल्हासनगरात अस्तराचं सुती कापड, फाल, लेस, बटणं घ्यावीत. जीन्सच्या कातरणीचा मोह मात्र हाताने शिवायच्या गोधडीसाठी आवरावा. दोन थर जीन्स आणि मधे भरण यातून हातसुई जात नाही. बोटं सुजतात आणि अर्धवट गोधड्यांत आणखी एकीची भर पडते. कातरणीची मशीनवर बसकरं छान होतात.

आता गोधडी. तिच्याबद्दल मला सर्वांत जास्त लिहावंसं वाटतं, कारण अर्धवट राहिलेल्या वस्तूंत तीच सर्वांत मोठी, तीच सर्वांत जास्त जागा अडवणारी आणि पूर्ण झाल्यावर तीच सर्वांत जास्त वर्षं टिकणारी.

गोधडीत तीन थर. खाली एक अखंड लुगडं, वर दुसरं, मधे जुन्या साड्या, धोतरं, चादरी यांचं भरण. तिन्ही थर धावदोऱ्याने एकत्र धरलेले असतात. शिवण कडेने सुरू होते आणि चौकोनात फिरत फिरत आत जाते. नीट शिवणाऱ्या बायका आधी सगळी गोधडी जमिनीवर पसरतात, मधून कडेकडे हाताने साफ करत जातात आणि वीत-वीत अंतरावर लांब टाक्यांचं टाचण घालतात. अर्धवट राहिलेल्या गोधडीत हे टाचण एक तर घातलेलंच नसतं, किंवा मधल्या वर्षांत तुटलेलं असतं. मग होतं असं: प्रत्येक फेरीत सुई वरचा थर जरासा पुढे ढकलते. तो ढकललेला भाग आत आत सरकत जातो आणि मध्याशी आल्यावर वरच्या लुगड्याला झोळ पडतो. खालचं ताठ, वरचं सैल, मधे भरणाचा गोळा. शिवणारीला वाटतं, कापताना चुकलं. ती थांबते. वर्ष जातं.

हा झोळ काढता येतो. गोधडी पुन्हा जमिनीवर पसरा. पलंगावर चालणार नाही, गादी खाली दबते. चारही कडांना पाटे, डबे ठेवून ताण द्या. शेवटच्या दोन फेऱ्या उसवा, कारण झोळ दिसायला लागण्याआधीच सुरू झालेला असतो. उघड्या बाजूने हात घालून भरणाचे गोळे सपाट करा, जिथे दोन तुकडे एकावर एक चढले असतील तिथला वरचा ओढून काढा. आता शिवलेल्या कडेपासून मध्याकडे हाताने साफ करत टाचण घाला. थोडा झोळ असेल तर तो टाक्याटाक्यात वाटून जिरतो. टाके तांदळाच्या दाण्याएवढे घेतले की कापड नकळत गोळा होत जातं. झोळ दोन बोटांहून जास्त असेल तर त्याची एक चूण घालायची, ती खाली दाबायची आणि तिच्यावर ठिगळ बसवायचं. जुन्या गोधड्यांच्या मध्यावर जी ठिगळं दिसतात त्यांतली सगळी भोकांवरची नसतात. काही अशा चुणींवरची असतात, हे मला फार आवडतं.

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्याच्या यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागात सिद्दी समाजाच्या बायका जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. आफ्रिकेतून शतकांपूर्वी आलेल्या लोकांचे हे वंशज, कोकणी बोलणारे, मराठी मुलखाला लागून राहणारे. त्यांच्या कवंदीला वरचा थर अखंड नसतोच. खालच्या कापडावर कोपऱ्यापासून एकेक चिंधी दुमडून ठेवायची, शिवायची, पुढची ठेवायची, अशी ती कडेकडून मध्याकडे वाढत जाते. त्यामुळे झोळ साठायला जागाच राहत नाही, प्रत्येक चिंधी स्वतःपुरती ताण घेते. ज्या घरात अर्धवट गोधडीचा वरचा थर फाटलाय किंवा पुरत नाही, तिथे ही पद्धत उचलावी. शेवटी चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या चिंध्यांचे छोटे त्रिकोण शिवतात, त्यांना फुला म्हणतात. फुला लावल्याशिवाय कवंदी त्यांच्या लेखी उघडीच, म्हणजे पूर्ण झालेली नाही. आपल्याकडे मात्र गोधडी कधी पूर्ण झाली हे कोणी ठरवलेलंच नसतं, आणि मला वाटतं ती रेंगाळण्याचं हेही एक कारण आहे. शेवटची खूण आधी ठरवा: कडेला लाल पट्टी लागली की संपली, असं काहीतरी.

भरणाला सुती कापडच हवं. पॉलिस्टरची साडी घसरते, घाम शोषत नाही आणि टाक्यांत गोळा होते. पण ती आजीची एकमेव उरलेली साडी असेल तर? मग ती भरणात न घालता वरच्या थरावर ठिगळ म्हणून घ्यावी, चारही बाजूंनी दुमडून, म्हणजे उसवणार नाही आणि दिसतही राहील.

शिवणारी आज घरात नसेल, तर प्रश्न नाजूक होतो. आईने अर्ध्यावर सोडलेली गोधडी लेकीने पूर्ण करताना टाके तिच्यासारखे घालण्याचा अट्टहास करू नये. तिची सुई, तिचा हात, तिच्या टाक्यांची लांबी वेगळीच असणार. तिच्या टाक्यांना हात लावू नका, अगदी वाकडे असले तरी. जिथे ते संपतात तिथून आपला दोरा वेगळ्या रंगाचा घ्या. पांढऱ्या दोऱ्याच्या पुढे निळा. नातवंडांना बोट फिरवून सांगता येतं, इथवर आजीने शिवलं आणि इथून पुढे मी.

भरतकामाचं थोडक्यात सांगते, कारण त्यात अडचण बहुधा दोऱ्याचीच असते. अँकरच्या लच्छीत सहा पदर असतात, लांबी 8 मीटर, आणि कागदाच्या पट्टीवर रंगाचा नंबर: काळा 403, पांढरा 2. लच्छी उघडताना ती पट्टी फेकू नये, एवढं जपलं तर निम्मी अर्धवट कामं अडणारच नाहीत. पट्टी गेली असेल तर दोऱ्याचा तुकडा दिवसाच्या उजेडात जुळवावा. जुळला नाही तर एक पान जुन्या हिरव्यात आणि एक नव्यात असं मिसळून भरावं, सगळी नवी पानं एका बाजूला येऊ देऊ नयेत. छापा पुसट झाला असेल तर दुकानातून पुन्हा छापून आणावा, नजरेच्या अंदाजाने भरू नये. आणि छापा असलेल्या कापडावर आधी धुणं, मग इस्त्री. काही शाया उष्णतेने पक्क्या बसतात.

कर्नाटकी कशिदा मात्र स्वतःच सांगतो कुठे थांबला. धारवाड-बेळगावकडच्या मराठी घरांत हा अजून असतो. गवंतीच्या टाक्यात जाताना एक सोडून एक टाका घेत जायचं आणि येताना मधल्या मोकळ्या जागा भरत यायचं, म्हणून कापड दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं, गाठ कुठेच नसते. एखादी रेघ तुटक दिसली तर समजायचं, शिवणारी जातानाच्या वाटेवर थांबली. तुटक रेघेचं टोक धरा, नवा दोरा गाठ न मारता आधीच्या टाक्यांखालून ओवून घ्या आणि परतीची वाट भरत या. तीस वर्षांपूर्वी सोडलेला कशिदाही असा वाचता येतो.

काही वस्तू मात्र पूर्ण करू नयेत. पतंगाने खाल्लेली लोकर, हाताने ओढली की तुटणारा सुती दोरा, कोणालाच नको असलेलं टेबलक्लॉथ. दोरा शाबूत असेल तर उसवून गुंडा करा, मोजून ठेवा, वजन लिहा. क्रोशाची चार फुलं तोरणाला पुरत नसतील तर ती ब्लाउजच्या पाठीला किंवा पिशवीला लावून टाका. ते काम तिथे संपलं. त्याची सल बाळगू नये.

आता काम पुन्हा सुरू झालं की ते पुन्हा थांबणारच, कुकरची शिट्टी होईल, लोकल येईल. प्रश्न कुठे थांबायचं हा आहे. बर्लिनमध्ये मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेव्हिन यांच्या विद्यार्थिनी मारिया ओव्सियांकिना यांनी 1928 साली दाखवलं की मधेच तोडलेलं काम, कोणी सांगितलं नाही तरी, माणसं आपणहून परत हातात घेतात. त्यांचे प्रयोग मिनिटांचे होते. वर्षांच्या खंडात ती ओढ पुरत नाही, माळ्यावरच्या पिशव्या त्याची साक्ष आहेत. पण रोजच्या खंडात तिचा उपयोग होतो. ओळ पूर्ण करून, भाग संपवून उठू नका. सोप्या ओळीच्या मधे, सुईत दोरा ओवलेला असताना उठा. हिशेबाच्या जागी, म्हणजे काखेशी, जोडणीशी, उठायची वेळ आलीच तर आधी पुढचा हिशेब चिठ्ठीवर लिहा: टाके 101, सुई 10 नंबर, दोन्ही कडांना चार-चार बंद करायचे, मग एक ओळ सोडून एक-एक घटवायचा. चिठ्ठी सुईलाच टाचणीऐवजी दोऱ्याने बांधा, टाचणी गंजते.

कोणतं काम कुठे करायचं हेही ठरवून टाकावं. बदलापूर ते मुंबई लोकलने सव्वा तासाहून जास्त, आणि बसायला मिळालं तर तो वेळ सलग मिळतो. क्रोशाची फुलं, दोऱ्याचे सुटे कोपरे खोवणं, कशिद्याचा छोटा तुकडा डब्यात होतो. लांब सरळ सुया गर्दीत शेजारणीच्या कोपराला लागतात, त्याऐवजी तारेने जोडलेल्या गोल सुया न्याव्यात. गोधडी घरीच, आणि तीही रविवारी दुपारी दोघी-तिघींनी मिळून. एकीने एका कडेला, दुसरीने समोरच्या. दोन्हीकडून सारखा ताण राहिला की झोळही कमी पडतो.

पावसाचे दिवस लोकरीला वाईट. हवेतला ओलावा आणि हाताचा घाम यांनी धागा सुईवर चिकटतो, टाके घट्ट पडतात आणि जूनमध्ये मोजलेला 22 चा हिशेब ऑगस्टमध्ये 23-24 वर जातो. म्हणून लोकर दिवाळीनंतर. जून ते सप्टेंबर हे सुती दोऱ्याचे महिने: तोरण, रुमाल, गौरीच्या मखराची झालर. गणपतीची तारीख कोणाला पुढे ढकलता येत नाही, आणि तोरणासारखी वस्तू त्या तारखेला बांधून टाकली तर ती होते. जे काम चालू नाही ते पिशवीत न ठेवता जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात ठेवावं, हवा खेळते. ते माळ्यावर किंवा कपाटाच्या वरच्या फळीवर असावं. बदलापूर पश्चिमेच्या सखल वस्त्यांनी 26 जुलै 2005 आणि 27 जुलै 2019 ला उल्हास नदीचं पाणी घरात पाहिलंय. दुसऱ्या वेळी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पाण्यात अडकून पडली होती. पलंगाखालची ट्रंक हातकामाची जागा नव्हे.

गोधडी पावसात शिवावी, पण धुऊ नये. तीन थर सुती, एकदा भिजले की आठवडाभर वाळत नाहीत आणि मधल्या भरणाला कुबट वास धरतो. शिवून झालेली गोधडी कोरडीच घडी करून ठेवा. दसऱ्यानंतर ऊन तापायला लागलं की सकाळी लवकर धुवा, पिळू नका, गच्चीच्या कठड्यावर दोघींनी टाका आणि दुपारी एकदा उलटा.